वेगळं काढायचं नाही

आईचं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, एवढं तर कधी ना कधी प्रत्येक घरात होतंच. मला लागलं ते त्या संध्याकाळचं. जेवायला खोक्यातला पास्ता होता, म्हणजे ते तयार मिळतं ना, आत मॅकरोनी आणि एक मसाल्याची पुडी, आपण फक्त खिमा परतायचा, दूध-पाणी ओतायचं, पुडी फोडायची आणि वीस-पंचवीस मिनिटांत जेवण तयार, ते. माझ्या पोरांचा जीव की प्राण. आई ओट्यापाशी आली, हातात छोटी वाटी, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पुडी टाकायच्या आधी माझा एवढा खिमा बाजूला काढ गं, मूठभर पास्ता मी वेगळा उकडून घेते. तुम्ही तुमचं नीट खा, माझ्यापायी तुमच्या जिभा कशाला मारता." मी काढून दिला. तिनं तेवढं खाल्लं, "छान झालंय" म्हणाली, वाटी विसळली आणि उठली. आमची ताटं अजून अर्ध्यावर होती.

तिनं कुरकुर केली असती, "काय हे अळणी" म्हणाली असती, तर मला बरं वाटलं असतं खरं सांगायचं तर. पण ती अजिबात काही बोलली नाही, इतक्या सहज तिनं स्वतःला बाजूला काढून घेतलं की जणू हे असंच असायचं. आणि मग ते रोज व्हायला लागलं. माझं वेगळं, माझं बिनमिठाचं, माझं नंतर. टेबल तेच, माणसं तीच, पण आई आमच्या जेवणात नव्हती.

खोक्याच्या जेवणावर मला राग काढायचा नाहीये, हे आधीच सांगते. ज्यांनी संध्याकाळी सात वाजता दमून घरी येऊन, एकीकडे गृहपाठ आणि एकीकडे उद्याचे कपडे असं सगळं सांभाळत चार-पाच माणसांचं जेवण उभं केलंय त्यांना माहितीये की तेव्हा सगळ्यात जास्त कंटाळा चिरण्या-परतण्याचा नसतो, ठरवण्याचा असतो. खोकं ते ठरवणं काढून घेतं. अमेरिकेत १९७१ साली जनरल मिल्स कंपनीनं 'हॅम्बर्गर हेल्पर' हे असंच खोकं बाजारात आणलं तेव्हा मांस महाग झालेलं होतं, अर्धा किलोच्या आसपास खिम्यात अख्ख्या घराचं पोट भरेल आणि घासायला एकच भांडं पडेल, हा त्यामागचा विचार. मला तो विचार आजही आवडतो. आमचं खोकं वेगळ्याच कुठल्या तरी कंपनीचं होतं, पण आत्मा तोच. म्हणून घरी करायचं ठरवलं तेव्हा एक गोष्ट मी स्वतःशी पक्की केली की जे काही करीन ते एकाच भांड्यात होईल, आणि दमलेल्या दिवशीसुद्धा होईल. नाहीतर रविवारी हौसेनं एकदा करायचं आणि सोमवारपासून परत खोकं, याला काय अर्थ आहे.

मग खोकं उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा, सोडियमच्या हिशोबात २००० मिलिग्रॅमच्या आत. लेबलवर मात्र मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं, त्यामुळे तो आकडा लहान वाटतो. त्याला अडीचनं गुणलं की मिठाचा अंदाज येतो. आणि तो आकडासुद्धा एका सर्व्हिंगचा. ती सर्व्हिंग म्हणजे माझ्या धाकट्याचा पहिला वाढा. माझ्या नवऱ्याच्या ताटात जेवढं असतं त्यात किती जात असेल याचा मी हिशोब केला आणि गप्प बसले. म्हणजे वाटी फक्त आईची वेगळी निघत होती, पण पुडी खरं तर आमच्यापैकी कुणालाच रोज खायची गरज नव्हती.

आता नुसती पुडी वगळून भागत नाही. ती वगळून केलेलं आईच्या वाटीत होतंच की, आणि ते कुणी हौसेनं मागून घेतलं नसतं. पुडी बरीच कामं करत असते हो. कॉर्नस्टार्चनं रस दाट करते, दूध पावडर आणि चीज पावडरनं मऊपणा आणते, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट वगैरेनं ती तोंडात रेंगाळणारी चव देते, रंग देते, आणि या सगळ्यावर मीठ. ही कामं एकेक करून भांड्यातल्याच कुणाकुणाला वाटून द्यायची, एवढाच खरं तर सगळा खटाटोप.

पहिलं आणि सगळ्यात मोठं काम खिम्याचं. खिमा आपण बहुतेक वेळा परतत नाही, उकडतो. थंडगार खिमा एकदम भांड्यात पडतो, पाणी सोडतो, आणि मग तो स्वतःच्याच पाण्यात राखाडी होत बसतो. पाणी उकळतं १०० अंशांना, आणि ज्याला आपण खरपूस म्हणतो ते नीट घडायला साधारण १४० अंशांच्या पुढचं तापमान लागतं, म्हणजे भांड्यात पाणी आहे तोवर खरपूसपणा जवळपास विसराच. १९१२ साली लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवल्यावर काय होतं ते मांडलं, त्याच्याच नावानं ही क्रिया ओळखली जाते, आणि कमी मिठाच्या स्वयंपाकात हा माणूस तुमचा सगळ्यात जवळचा मित्र. जाड बुडाचं रुंद भांडं घ्यायचं, चांगलं तापू द्यायचं, थोडंसं तेल, खिमा कागदानं टिपून कोरडा करून हातानं चपटा पसरायचा आणि मग हात मागे घ्यायचा. ढवळायचं नाही. हे ढवळायचं नाही प्रकरण मला फार अवघड जातं, उलथनं हातात असलं की हात आपोआप चालतो. पण कान देऊन ऐकलं तर कळतं. आधी ओला फसफस आवाज येतो, वाफ निघत असते. मग पाणी आटतं आणि आवाज बदलतो, कोरडा चरचर होतो, वासही बदलतो, कच्चा उग्रपणा जाऊन भाजल्याचा गोडसर वास येतो. त्या आवाजानंतर दोनेक मिनिटं थांबायचं आणि मग पलटायचं. खालची बाजू गडद तपकिरी दिसते आणि भांड्याच्या तळाला तसाच तपकिरी थर धरलेला असतो. ती खरवड म्हणजे अर्धी पुडी आहे. नंतर पाणी पडलं की ती उलथन्यानं खरवडून त्यातच विरघळवायची, तिचा कणही सोडायचा नाही.

चरबीचं म्हणाल तर खिमा घेतानाच कमी चरबीचा घेतला की झालं, आणि जास्त सुटलीच तर भांडं तिरकं करून चमच्यानं काढायची, पण सगळी काढायची नाही, थोडी राहू द्यायची. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन शिजवल्यावर आणि थोड्या स्निग्धाबरोबर शरीराला जास्त चांगलं मिळतं, आणि चवीचंही तसंच, बऱ्याचशा सुगंधाला वाहन स्निग्धाचंच लागतं. हां, आणि खिमा पूर्ण शिजलाच पाहिजे. अख्ख्या तुकड्यावर जंतू असले तर बहुतेक करून वरच्या पृष्ठभागावर असतात, पण दळताना ते सगळीकडे मिसळतात, म्हणून गाय-बकऱ्याच्या खिम्याला आतून ७१ अंश आणि कोंबडीच्या खिम्याला ७४ अंश असा नियम सांगतात. या पदार्थात खिमा पास्त्याबरोबर पुढे दहा-बारा मिनिटं उकळतोच, त्यामुळे ती काळजी आपोआप मिटते.

दुसरं काम मशरूमचं. खिमा थोडा कमी घ्यायचा आणि त्याच्या अर्ध्याच्या आसपास मशरूम अगदी बारीक, खिम्याएवढे चिरून घालायचे. मशरूम म्हणजे जवळजवळ पाणीच, म्हणून आधी भरपूर फुगलेले दिसतात आणि परतत गेलं की आटून एवढेसे होतात, रंगानंही खिम्यात मिसळून जातात. त्यांच्यात, टोमॅटोत, मुरलेल्या चीजमध्ये ग्लुटामेट असतं, तीच ती रेंगाळणारी चव. जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सारातून ती वेगळी काढली आणि तिला उमामी नाव दिलं. पुडीतला यीस्ट एक्स्ट्रॅक्टही तेच काम करतो, फक्त तो मिठाचं बोट धरून येतो आणि मशरूम एकटा येतो. माझी मोठी मुलगी, मशरूम दिसला की बाजूला काढते, तिला मी लपवून नाही घातलं, सांगून घातलं, आणि तिनं नाक मुरडत खाल्लं. लपवून खायला घातलेलं कधी ना कधी उघडं पडतंच आणि मग पोरं पुढच्या प्रत्येक घासावर शंका घेतात, मला ते नको होतं.

आणि पास्ता. यात गंमत अशी आहे की कॉर्नस्टार्चची काही गरजच नाही, दाटपणा पास्त्याच्या पोटातच असतो. आपण एरवी मोठ्या पातेल्यात पास्ता उकडतो आणि ते पांढुरकं पाणी सिंकमध्ये ओतून देतो, त्याच पाण्यात त्याचा स्टार्च निघून जातो. एकाच भांड्यात शिजवला की तो सगळा स्टार्च रसात उतरतो आणि रस स्वतःहून चमकदार, चिकटसर होतो. अंदाज सांगायचा तर अडीचशे ग्रॅम बारक्या आकाराची मॅकरोनी, चारशे ग्रॅम बिनमिठाचा टोमॅटोचा गर आणि ६०० मिलिलिटरच्या आसपास गरम पाणी. उकळी आली की आच बारीक, झाकण, आणि दर दोन-तीन मिनिटांनी तळापासून ढवळायचं कारण स्टार्च बुडाला धरतो. इथे मात्र ढवळायचंच. होल व्हीट पास्ता घेतलात तर पाणी थोडं जास्त आणि वेळही थोडा जास्त, त्यात फायबर भरपूर जास्त असतं पण चव जरा भरडी लागते, आमच्याकडे तो टोमॅटो-मशरूमच्या गर्दीत खपून गेला. साध्या पास्त्यालाही उगाच बदनाम करू नये असं माझं मत आहे, ड्युरम गव्हाचा तो दाबून घट्ट केलेला असतो म्हणून पांढऱ्या ब्रेडपेक्षा पचायला वेळ घेतो, साखर एकदम चढत नाही, फक्त तो मऊ लगदा होईपर्यंत शिजवायचा नाही.

गॅस बंद करायचा तो रस अजून थोडा पातळ आहे असं वाटतानाच. पाच मिनिटं झाकून ठेवलं की पास्ता उरलेलं पिऊन घेतो.

मिठाचं गणित इथे फार जपून करावं लागतं. मोठ्या पातेल्यात उकडताना घातलेलं बरंचसं मीठ पाण्याबरोबर गाळून जातं. एकाच भांड्यात काहीही गाळायचं नसतं, जेवढं घालाल तेवढं सगळं ताटात. त्यामुळे स्टॉकचा क्यूब नाही, डब्यातला खारवलेला टोमॅटो नाही, तयार सॉस नाही. या गोष्टींमध्ये मीठ असं लपलेलं असतं की आपण म्हणतो मी तर मीठ घातलंच नाही. चीजमध्येही असतं, म्हणून चीज थोडंच पण जुनं, मुरलेलं, तीव्र चवीचं घ्यायचं, आणि ते सगळ्यात शेवटी, आच बंद केल्यावर. दुधाचंही तेच, टोमॅटोच्या आंबटपणात उकळत्या आचेवर दूध फाटतं, म्हणून आच बंद करून, भांडं जरा निवलं की थोडंसं कोमट दूध किंवा दोन चमचे घट्ट दही, हलक्या हातानं. तोवर रसात उतरलेला स्टार्च चीजच्या गुठळ्या होऊ देत नाही. बाकी चवीला लसूण भरपूर, मिरपूड, धुरावलेली पापरिका, त्यानं रंगही तसाच नारिंगी येतो, आणि शेवटी लिंबू पिळायचं. आंबट आणि तिखट असलं की मीठ कमी आहे हे जीभेच्या जरा उशिरा लक्षात येतं. कुणीतरी मला मिठाऐवजी मिळणारं पोटॅशियमवालं मीठ वापर म्हणून सुचवलं होतं, पण किडनीचा त्रास असणाऱ्यांना आणि बीपीच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांना ते चालत नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जायचंच नाही.

भाज्या काय, किसलेलं गाजर टोमॅटोबरोबर जातं आणि आंबटपणा मारतं, पालक शेवटच्या मिनिटाला, एवढा मोठा ढीग घातला तरी झाकण काढेपर्यंत मूठभर उरतो. बाकी फ्रिजमध्ये जे असेल ते.

पहिल्यांदा असं केलं तेव्हा आई सवयीनं वाटी घेऊन आलीच. मी म्हटलं, "आई, वेगळं काढायचं नाही, सगळ्यांचं एकच आहे." ती थोडा वेळ भांड्याकडे बघत राहिली. मला वाटलेलं तिला आनंद होईल. तिला अवघडल्यासारखं झालं. "माझ्या एकटीमुळे पोरांना असलं खायला लावतेस," म्हणाली, आणि जेवताना पूर्ण वेळ ती तिच्या ताटाकडे नाही, नातवंडांच्या तोंडाकडे बघत होती. धाकट्यानं दुसऱ्याच घासाला विचारलं, "खोक्यातला नाही का?" आणि ती लगेच माझ्याकडे, बघ मी म्हटलं नव्हतं अशा नजरेनं. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांना वाढून मग स्वतः घेतलं तिला सगळ्यांनी मिळून आपल्यासाठी काही बदललंय हे पचायलाच जड जातं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिचं बाजूला होणं ही तिची काळजी घ्यायची पद्धत होती आणि मी ती पद्धत तिच्याकडून काढून घेत होते. यात बरोबर कोण, मला आजही नीट सांगता येत नाही. मला ती टेबलावर हवी होती, एवढं मात्र नक्की.

नवरा म्हणाला मिठाची डबी टेबलावर ठेवू, ज्याला हवं त्यानं वरून घ्यावं. मला आधी ते पटलं नाही, म्हटलं परत तेच, तुझं वेगळं माझं वेगळं. पण त्यात तथ्य होतं. वरून भुरभुरवलेलं चिमूटभर मीठ थेट जिभेला लागतं, त्यामुळे आत मिसळलेल्या मिठापेक्षा कितीतरी कमी पुरतं. भांड्यात सगळ्यांसाठी कमी, वर पोरांना चिमूट, असं ठरलं. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात असं म्हणतात आणि आमच्याकडे तसंच झालं, मोठी हळूहळू डबीकडे हात न्यायची विसरायला लागली. धाकटा विसरलेला नाही. त्याला अजूनही खोक्यातलाच जास्त आवडतो, तो तसं स्पष्ट सांगतो, आणि मी त्याच्याशी वाद घालत नाही. त्याच्या वाढदिवसाला त्यानं तोच मागितला तर मी देईन. कपाटात एक खोकं अजून आहे.

उरलेलं असेल तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी गरम करताना त्यात थोडं पाणी घालायचं, कारण रात्रभरात पास्ता सगळा रस पिऊन घट्ट गोळा झालेला असतो. तेव्हा चव उलट जास्त चांगली लागते असं आईचं म्हणणं आहे. हो, तिचं म्हणणं असायला लागलंय आता. आधी नुसती बघायची, मग एक दिवस उलथनं माझ्या हातातून घेतलं आणि "सरक, आच फार कमी ठेवलीयेस" म्हणाली. सध्या आमचा वाद कांद्यावर चाललाय. मी म्हणते खिमा आधी, कारण कांदा पाणी सोडतो आणि मग खिमा भाजला जात नाही. ती म्हणते कांदा आधीच, तेलात सोनेरी झालेल्या कांद्यावरच खिमा पडला पाहिजे, नंतर घातलेला कांदा उकडल्यासारखा लागतो. मी तिला मायारचं सगळं सांगून बघितलं, तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि कांदा आधी टाकला. पुढच्या वेळी कांदा आधी सोनेरी करून ताटलीत काढून ठेवायचा, मग त्याच तेलात खिमा, आणि शेवटी दोन्ही एकत्र, असं ठरलंय. तिला ते फारसं मान्य नाहीये, म्हणते ताटली कशाला खराब करतेस.